स्कोप कशात आहे? आधी प्रश्न तर बघा!

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षात हा दिवस हमखास येतो. विभागाच्या पॅसेजमधल्या नोटीस बोर्डावर यादी लागते. एका बाजूला गाइडची नावं, समोर संशोधनाची क्षेत्रं : अँटिमायक्रोबियल रेझिस्टन्स, होस्ट-पॅथोजेन इंटरॅक्शन, इम्युनोलॉजी, मायक्रोबियल डायव्हर्सिटी. खाली सूचना, शनिवारपर्यंत पसंतीक्रम द्या. मग कँटीनमध्ये चर्चा सुरू. कोणत्या सरांकडे प्रोजेक्ट लवकर संपतो? कोणत्या मॅडम पेपरमध्ये नाव घालतात? आणि सगळ्यांचा लाडका प्रश्न : स्कोप कशात आहे?

हा ‘स्कोप’ आपल्याला बारावीपासून चिकटलेला असतो. मेडिकलची सीट थोडक्यात हुकली म्हणून इथे आलेले आपल्यात कमी नाहीत. लग्नकार्यात भेटणारे काका विचारतात, ‘‘म्हणजे पुढे लॅबमध्ये रक्त-लघवी तपासणार का?’’ आपण कसनुसं हसतो. खरं सांगायचं तर बोर्डावरच्या त्या शब्दांमागे काय आहे, हे आपल्यालाही पुरतं ठाऊक नसतं. आणि त्यावर आपण पुढची पाच-सहा वर्षं लावणार असतो! तेव्हा शनिवारच्या आत ती यादी एकदा नीट वाचू या.

एकाच विभागात दोन विषय का?

आधी हे बघा. जंतूंचा अभ्यास म्हणजे मायक्रोबायोलॉजी आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास म्हणजे इम्युनोलॉजी. दोन्ही एकाच छताखाली का? उत्तर मुंबईतच आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लसीचं काम सुरू केलं. मांसाच्या रस्स्यावर ते तुपाचे थेंब सोडत. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढत. ते उष्णतेनं मारले की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तूप घालून जंतू वाढवणं ही झाली मायक्रोबायोलॉजी. मेलेल्या जंतूला पाहून शरीर जिवंत जंतूशी लढायला कसं शिकतं, ही इम्युनोलॉजी. नाणं एकच, बाजू दोन.

औषध हरतं तेव्हा

आता यादीतलं पहिलं नाव, अँटिमायक्रोबियल रेझिस्टन्स. प्रश्न साधा आहे : काल ज्या औषधानं जंतू मरत होता, तो आज का मरत नाही? ई. कोलाय हा जिवाणू पोषक वातावरणात साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतो. कागदावर हिशेब करा. रात्री अकराला एक असेल, तर सकाळी सहाला वीस लाखांच्या वर. एवढ्या गर्दीत एखाद्याच्या जनुकात औषधाला दाद न देणारा बदल झाला, की अँटिबायोटिक बाकीच्यांना मारून त्याच्यासाठी मैदान मोकळं करून देतं. काही जिवाणू तर असे जनुक प्लाझमिडवरून शेजाऱ्यालाही देऊन टाकतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच इशारा दिला होता, की पेनिसिलिन अपुऱ्या मात्रेत घेतलं तर जंतू त्याला सरावतील. आपण काय करतो? ताप उतरला की उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये, पुढच्या वेळेसाठी.

या क्षेत्रात तुम्ही सांडपाण्यातले नमुने आणाल, कोणता जिवाणू कशाला दाद देत नाही हे तपासाल, किंवा जिवाणूंनाच खाणारे विषाणू, म्हणजे फाज, औषध म्हणून चालतील का ते बघाल. इथे निकाल बहुधा दुसऱ्या दिवशी हातात येतो. चटचट काम आवडणाऱ्यांसाठी हे बरं.

वाट बघायला लावणारा जंतू

होस्ट-पॅथोजेन इंटरॅक्शन म्हणजे जंतू आणि यजमान शरीर यांच्यातला व्यवहार. आपल्याकडे याचं ठळक उदाहरण टीबी. जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांमागे एक तरी भारतातला असतो. आपल्या पांढऱ्या पेशी या जिवाणूला गिळतात. पण पचवू शकत नाहीत. तो आतच दबा धरून बसतो. लागण झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकच आयुष्यात कधी तरी आजारी पडतात. बाकीचे का वाचतात? पुरतं उत्तर अजून नाही. बीसीजी लस पहिल्यांदा १९२१ मध्ये दिली गेली. लहान मुलांना टीबीच्या गंभीर प्रकारांपासून ती वाचवते. पण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीत तिचा भरवसा देता येत नाही. म्हणजे काम भरपूर बाकी आहे.

मात्र हा जंतू दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस घेतो. प्लेटवर वसाहती दिसायला तीन ते आठ आठवडे लागतात. तेवढ्यात कुठून तरी बुरशी शिरली, की पुन्हा पहिल्यापासून. धीर नसेल तर या वाटेला जाऊ नका. असेल तर यासारखा विषय नाही.

सैन्य आपलं, पण...

इम्युनोलॉजी म्हणजे फक्त ‘इम्युनिटी वाढवणं’ नव्हे. काढ्याच्या जाहिराती बघून तसं वाटतं खरं. पण प्रतिकारशक्ती अति झाली तर ती स्वतःच्याच सांध्यांवर, स्वादुपिंडावर चालून जाते. तिला आवरणारे कोण? जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये अशा आवर घालणाऱ्या टी पेशी दाखवल्या, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. पुढे अमेरिकेत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यामागचा जनुक शोधायला मदत केली. तिघांना नोबेल मिळालं २०२५ मध्ये. तीस वर्षांनी!

दुसरं उदाहरण घरचं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून देशी कार-टी उपचार तयार झाला. रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढायच्या, विशिष्ट रक्तकर्करोगाच्या पेशी ओळखायला त्यांना शिकवायचं आणि परत सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. या क्षेत्रात पेशी जपायची सवय आणि आकडेवारीचा सराव, दोन्ही लागतं.

लोणारचं गुलाबी पाणी

राहिली मायक्रोबियल डायव्हर्सिटी. जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं आणि फोटो व्हायरल झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं कारण सांगितलं : मिठाच्या पाण्यात राहणारे रंगीत सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया. जिथे माशाचा निभाव लागत नाही, तिथे हे मजेत कसे राहतात? त्यांची एन्झाइम्स आपल्या कामाची आहेत का? ज्यांना फिरायला, चिखलात उतरायला आवडतं, त्यांनी इथे बघावं.

मग शनिवारी काय लिहायचं?

पैशांचा विचार करू नका, असं मी म्हणणार नाही. घरची परिस्थिती सगळ्यांची सारखी नसते. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये आहेत. त्यामुळे अभ्यास आत्ताच सुरू करा. पण क्षेत्र निवडताना एक करा. संध्याकाळी सर-मॅडम घरी गेल्यावर त्या लॅबमध्ये जा. पीएचडी करणाऱ्या ताईला किंवा दादाला ‘स्कोप काय’ हे विचारू नका. विचारा, ‘‘गेल्या महिन्यात काय फसलं?’’ ते सांगताना समोरच्याचे डोळे चमकतात की खाली जातात, ते बघा. आणि ऐकताना तुम्हाला ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारावंसं वाटलं की नाही, तेही बघा.

वाटलं असेल, तर तेच नाव पहिल्या क्रमांकावर लिहा. पुढच्या लग्नात काका भेटतीलच. त्यांना एवढंच सांगा, ‘‘काका, तुमच्या ड्रॉवरमध्ये अर्धवट राहिलेल्या गोळ्या आहेत ना? त्यावरच काम करतेय.’’