सही करणाऱ्यांची साखळी

लिनक्स कर्नेलमधली, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, कोडची एखादी ओळ बदलायला ना नोकरी लागते, ना पदवी. बदलाखाली सही मात्र करावी लागते: ‘साइन्ड-ऑफ-बाय’, पुढे नाव आणि ईमेल पत्ता. ही प्रथा २००४ सालची. आदल्या वर्षी एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला होता. आपल्या हक्काचा युनिक्स कोड लिनक्समध्ये घातला गेला, असं तिचं म्हणणं होतं. कोणती ओळ कोणाकडून आली, याचा माग राहावा म्हणून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ही सही आणली. कोड माझा आहे किंवा तो देण्याचा मला अधिकार आहे, एवढं सही करणारा लिहून देतो. तो बदल, म्हणजे पॅच, पुढे पाठवणारा प्रत्येक मेंटेनर (कर्नेलचा एखादा भाग सांभाळणारा) खाली आपलीही सही जोडतो.

पॅच आजही ईमेलने, साध्या मजकुरात जातो. तपासणाऱ्याला ओळीओळीखाली उत्तर लिहिता येतं. काय बदललं हे कोडच सांगतो, का बदललं ते शब्दांत मांडावं लागतं. पॅचची दुसरी, तिसरी, कधी दहावी आवृत्तीही पाठवावी लागते. कर्नेलची नवी आवृत्ती निघाली की दोन आठवडे नवे बदल आत घेतात. नंतर बहुतेक दुरुस्त्याच.

नवख्याला हा जाच वाटतो. मला तो रास्त वाटतो. पॅच पाठवणारा उद्या दुसऱ्या कामाला लागेल. त्याचा कोड पुढची कितीतरी वर्षं मेंटेनरला सांभाळायचा असतो. म्हणून नकार देणं हे त्याच्या कामाचंच अंग आहे. नकार अपमान न करता देता येतो, हे शिकायला मात्र या प्रकल्पाला फार वेळ लागला. २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या कठोर भाषेबद्दल माफी मागितली, काही काळ काम थांबवलं. आचारसंहिताही तेव्हाच आली.

सही असली तरी हेतू तपासता येत नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी अभ्यासासाठी जाणूनबुजून सदोष पॅच पाठवले होते. २०२१ मध्ये कर्नेलचे एक प्रमुख मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाचे पॅच घेणं थांबवलं, आणि तिथून पूर्वी आलेले बदल पुन्हा तपासायचं काम स्वयंसेवकांच्या माथी आलं. तपासणाऱ्यांचा वेळ हीच इथली सर्वांत दुर्मीळ गोष्ट. तिचा असा वापर मला अक्षम्य वाटतो.

म्हणूनच, कर्नेलसाठी काही करू पाहणाऱ्यांनी आधी दुसऱ्याचा पॅच नीट वाचावा, चालवून पाहावा. ‘रिव्ह्यूड-बाय’ ही पॅच तपासल्याची ओळ द्यायला मेंटेनर असावं लागत नाही.