मार्चअखेरची धावपळ आणि तुमची झोप

मार्चचा शेवटचा पंधरवडा आला की दवाखान्यात बँका, पतसंस्था आणि सीएंच्या ऑफिसात काम करणारे पेशंट वाढतात. तक्रारी साधारण सारख्याच: छातीत धडधड, डोकं जड, पोटात जळजळ, घरच्यांवर चिडचिड. "डॉक्टर, जरा बीपी बघा," म्हणतात. बीपी बघतोच, पण आधी विचारतो, झोपता किती?

उत्तर बहुतेक वेळा चार-पाच तास असतं. ३१ तारीख पुढे ढकलता येत नाही, म्हणून आपण झोपेला कात्री लावतो. पण अपुऱ्या झोपेने लक्ष उडतं, आकडे चुकतात आणि तेच काम पुन्हा करावं लागतं. त्यात चहा-कॉफीचा मारा. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी जवळपास निम्मं पाच तासांनंतरही शरीरात असतं, म्हणून संध्याकाळी सहाचा कप रात्री अकराला जागं ठेवतो. दुपारनंतर चहा टाळा. (मला स्वतःला हे जमायला बरीच वर्षं लागली.)

काम उरकणार नाही असं २० तारखेलाच दिसत असेल, तर साहेबांना तेव्हाच सांगा. कोणतं आधी करायचं, कोणतं एप्रिलमध्ये चालेल, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

छातीत दाब, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर "टेन्शन आहे" म्हणून घरी थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. मार्च उलटून दोन आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतून, मोफत बोलता येतं.