सी ग्रंथालयांतील कॉलबॅक आणि सी प्लस प्लसमधील सदस्य फंक्शन

सी भाषेतील ग्रंथालयास कॉलबॅकसाठी साध्या फंक्शनचा पत्ता लागतो. वर्गातील नॉन-स्टॅटिक सदस्य फंक्शनला मात्र ‘धिस’ हा छुपा पॉइंटरही हवा असतो. म्हणून कंपायलर ते नाकारतो. टाइपकास्ट करून ते बळेच बसविणे मानकबाह्य होय.

‘पीथ्रेड_क्रिएट’चे चौथे आर्ग्युमेंट व्हॉइड पॉइंटर असते. त्यातून ऑब्जेक्टचा पत्ता पाठवावा, स्टॅटिक फंक्शनमध्ये तो मूळ प्रकारात आणावा व इच्छित सदस्य फंक्शन बोलवावे. (काटेकोरपणे पाहता येथे ‘एक्स्टर्न सी’ जोडणीचे स्वतंत्र फंक्शनच योग्य, बहुतेक कंपायलर स्टॅटिकही चालवून घेतात.) खरा धोका पुढेच आहे: थ्रेड संपण्यापूर्वी ऑब्जेक्ट नष्ट झाल्यास तो पत्ता निरर्थक ठरतो, आणि कंपायलर सहसा त्याची सूचना देत नाही.

‘क्यूसॉर्ट’मध्ये तर असे आर्ग्युमेंटच नाही. तेथे ग्लोबल चल घ्यावे लागते. अनेक थ्रेड असल्यास ते 2011 च्या मानकातील ‘थ्रेड_लोकल’ करावे.