गाडी खाली, बळही खाली?

एखादी पिकअप गाडी जमिनीला टेकल्यासारखी उभी दिसली, तर समजा, तिचे मागचे पाटे काढून तिथे हवेचे रबरी फुगे बसवले आहेत. हवा सोडली की गाडी खाली, भरली की वर.

पण मागच्या चाकांचा अ‍ॅक्सल चासीच्या दोन लांब पट्ट्यांखालून जातो. गाडी फार खाली आली, की पट्ट्या त्याच्यावर आदळतात. म्हणून कारागीर तेवढ्या जागी पट्टीला खालून कमानीसारखी खाच पाडतात. धोका आहे तो इथेच!

शिक्षकांनी वर्गात लाकडी फूटपट्टी आधी आडवी आणि मग कडेवर उभी धरून वाकवून दाखवावी. बळ उंचीत असते. उंची निम्मी केली, तर बळ निम्मे नव्हे, चौथाईच उरते. चासीचेही तत्त्व तेच. तेव्हा खाचेवर पोलादाची कमान चढवून गेलेली उंची भरून काढावीच लागते.

पुण्यात २०१९ पासून धावणाऱ्या विजेच्या बसगाड्याही हवेवर तोललेल्या आहेत. पण त्यांचा सांगाडा कारखान्यातच तसा आखलेला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही मालकाला मनमानी फेरफार करू देत नाही. म्हणून पट्टी कापण्याआधी एवढे विचारा: मग ओझे पेलणार कोण?