मोठ्या सुट्टीतलं ग्रंथालय

अहिल्यानगर जिल्ह्यात खेड्यातल्या हायस्कूलचं ग्रंथालय खऱ्या अर्थानं चालतं ते मोठ्या सुट्टीत. एरवी तासाला तास लागून असतो आणि शाळा सुटली की मुलं एसटीच्या थांब्याकडं पळतात. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, पण पास आहे म्हणून गाडी थांबून राहत नाही. तेव्हा डबा खाऊन उरलेल्या वीसेक मिनिटांत जुनी पुस्तकं परत घ्यायची आणि नवी द्यायची. एका माणसाच्यानं हे होत नाही.

आणि तो एक माणूसही पुरता मिळेलच असं नाही. पूर्णवेळ ग्रंथपालाचं पद साधारण हजारावर पट असलेल्या माध्यमिक शाळेला मिळतं, त्याखाली पाचशेपर्यंत अर्धवेळ. त्याहून लहान शाळेत मराठीच्या मॅडमकडं कपाटाच्या किल्ल्या येतात आणि त्यांचे तास मात्र तेवढेच राहतात. सार्वजनिक वाचनालयांना 1967च्या कायद्यानं दर्जा आणि अनुदान आहे, शालेय ग्रंथालय त्या कायद्यात बसत नाही. ग्रंथपालाची गणना शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत होते. मुलांना वाचायला लावणारा माणूस शिक्षकेतर कसा, हे मला अजून कळलेलं नाही. असो.

पुस्तक शाळेत आलं की पहिली नोंद होते दाखल नोंदवहीत: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, विक्रेता, बिलाचा क्रमांक. ही नोंद ग्रंथपालानं स्वतःच्या हातानं करायची, कितीही हुशार विद्यार्थी असला तरी त्याच्याकडं द्यायची नाही. ही वही तपासणीला जाते आणि पुस्तक गहाळ झालं तर जबाबदारी याच पानावरून ठरते. पुढं शिक्का बसतो मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर, आणि आणखी एका ठरावीक पानावर, जे प्रत्येक ग्रंथालयाचं आपलं आपलं गुपित असतं. पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखू यावं म्हणून. मदतनीस मुलांना हे गुपित आठवड्याभरात कळतं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान असतो.

वर्गीकरणाला ड्युईची दशांश पद्धत आहे, तिच्यात मराठी साहित्य 891.46 वर येतं. पण शाळेची पाच-सहा कपाटं असतील तर पुस्तकाच्या पाठीवर रंगीत पट्टी चिकटवणं बरं: चरित्र लाल, विज्ञान निळं, गोष्टी हिरव्या. सहावीतला मुलगाही मग पुस्तक जागेवर ठेवू शकतो.

आता देवघेव. पुस्तकाच्या शेवटी आतून कागदी खिसा, त्यात पुस्तकाचं कार्ड, समोर तारखेची चिठ्ठी. पुस्तक देताना कार्ड बाहेर काढायचं, त्यावर मुलाचं नाव, तुकडी आणि तारीख लिहायची, चिठ्ठीवर परतीची तारीख टाकायची, आणि कार्ड त्या तुकडीच्या पेटीत ठेवायचं. परत आलं की कार्ड शोधून नावावर रेघ मारायची, कार्ड खिशात, मगच पुस्तक कपाटात. नियम एवढाच की कार्ड खिशात गेल्याशिवाय पुस्तक मांडणीवर जायचं नाही. सगळा घोटाळा इथंच होतो. गर्दीत पुस्तक घेतलं, बाजूला ठेवलं, कुणीतरी ते कपाटात लावलं. पेटीत कार्ड मात्र तसंच. महिन्यानं त्या मुलाला बोलणी बसतात, आणि पुस्तक समोरच्या फळीवर असतं. म्हणून टेबलं दोन हवीत, घेणाऱ्याचं वेगळं, देणाऱ्याचं वेगळं, आणि रांग घेणाऱ्यापासून सुरू झाली पाहिजे.

मदतनीस आठवी-नववीतून घ्यावेत, दहावीला हात लावू नये. शालेय मंत्रिमंडळात ग्रंथालय मंत्री असतोच. त्याच्याकडं पाळ्या लावायचं काम द्यावं. एका मुलाला आठवड्यात एकच सुट्टी. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’चं नाव इथं सहज घेतलं जातं, रयत शिक्षण संस्थेचा उत्तर विभाग याच जिल्ह्यातून चालतो, तेव्हा ते स्वाभाविक आहे. पण त्या योजनेत श्रमाला मोल होतं. मोठ्या सुट्टीतल्या मुलाला काही मिळत नाही, म्हणून त्याला रोज कपाटं पुसायला लावणं अन्यायाचं. कव्हर घालणं, पाठ सुटलेली पुस्तकं बांधणीला वेगळी काढणं, कसर लागलेली पुस्तकं उन्हाला ठेवणं, कात्रणं चिकटवणं ही कामं त्यानं करावीत. दंडाचे पैसे, किल्ली आणि थकबाकीदारांची यादी वर्गात मोठ्यानं वाचणं ही त्याची कामं नव्हेत.

सेवा-मंडळांचा हात कुठं लागतो? रोटरीचे शालेय गट म्हणजे इंटरॅक्ट क्लब 1962 साली अमेरिकेत फ्लोरिडात सुरू झाले, आणि दुसराच गट आठवड्याभरात निघाला आपल्या तंजावरला, जिथं सरफोजीराजे भोसल्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. लायन्सवाल्यांचे लिओ क्लब त्याआधीचे, 1957चे. शाळेला ज्युनिअर कॉलेज जोडलेलं असेल तर राष्ट्रीय सेवा योजनेची मुलंही मिळू शकतात. ही मंडळी हमखास येतात ती 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी. हार घातलेला फोटो, आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या एकाच पुस्तकाच्या ढीगभर प्रती. प्रती नकोत असं म्हणवत नाही, पण आधी यादी हातात द्यावी: बांधणीचा खर्च, पुस्तकं ठेवायचे दोन घोडे, ‘किशोर’ मासिकाची वर्गणी. आणि माणसं मागावीत. शनिवारची शाळा सकाळची असते. महिन्यातून एका शनिवारी चारजण दुपारपर्यंत थांबले तर पेट्यांतली कार्डं आणि फळ्यांवरची पुस्तकं ताडून होतात.

पाथर्डी-शेवगावच्या बाजूला आणखी एक हिशोब ठेवावा लागतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर निघतात, आणि काही मुलं आईबापांबरोबर जातात. पुस्तकं जातात कोपीवर, म्हणजे तोडणीच्या झोपडीत. म्हणून सहामाही परीक्षेच्या आधी त्या मुलांची कार्डं वेगळी काढून विचारायचं: जाणार का, कधी येणार? आजीपाशी गावातच राहणाऱ्याची मुदत वाढवावी. जाणाऱ्याला, माझं मत विचाराल तर, एक जुनं पुस्तक मुद्दाम द्यावं आणि गुढीपाडव्यानंतरची तारीख टाकावी. गहाळ झालंच तर निर्लेखनाचा ठराव करता येतो.

वर्षअखेरीला उरते पुस्तकपेढी. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं सरकारकडून मोफत येतात, नववी-दहावीची विकत घ्यावी लागतात, त्यामुळं पेढीचा संच मोलाचा. दहावीचा शेवटचा पेपर झाला की ही मुलं शाळेकडं फिरकत नाहीत. ती परत येतात निकालानंतर, गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला. म्हणून दाखल्याच्या अर्जावर ग्रंथपालाच्या सहीची एक ओळ ठेवावी, आणि त्या दिवशी कार्डांची पेटी कार्यालयातच, शिपाईमामांच्या टेबलाशेजारी मांडावी.