पखवाजाला दोन माईक आणि फेजचा प्रश्न

रावेतजवळच्या देहूत वारकरी भजनाचे ध्वनिमुद्रण करताना पखवाजाच्या दोन्ही तोंडांना स्वतंत्र माईक लावले, तर एकाच थापेच्या ध्वनिलहरी दोन ट्रॅकवर वेगवेगळ्या क्षणी नोंदल्या जातात. लहरींच्या चढउतारातील या तफावतीला फेजफरक म्हणतात.

हवेत २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्याने ३४ सेंटिमीटर जादा अंतर म्हणजे सुमारे १ मिलिसेकंदाचा उशीर होय, आणि असे दोन ट्रॅक समान पातळीवर मिसळले की ५००, १५०० व २५०० हर्ट्‌झच्या आसपासचा ध्वनी जवळजवळ नाहीसा होतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या ध्वनिमुद्रणात उशिराचा ट्रॅक ४८ नमुने आधीच्या क्षणाकडे सरकवल्यास हा फरक भरून निघतो.

पोलॅरिटी मात्र निराळी, कारण ती उलटली की सर्वच वारंवारतांची धन-ऋण बाजू एकदम पालटते. थापेसरशी पखवाजाचे एक तोंड आत दबते, तर कोंडलेली हवा दुसऱ्याला बाहेर ढकलते; म्हणून एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटून दोन्ही पर्याय मोनोमध्ये ऐकावेत आणि ज्यात कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा खर्ज भरीव राहतो, तो ठेवावा.