चौक सुधारायचा, पण कोणासाठी?

पुणे, प्रतिनिधी - चौकातील कोंडीचा विषय महापालिकेत निघाला, की पहिली मागणी होते ती उड्डाणपुलाची. मात्र गणेशखिंड रस्त्यावरील विद्यापीठ चौकाचा अनुभव या मागणीकडे सावधपणे पाहायला लावणारा आहे. तेथील उड्डाणपूल शिवाजीनगर-हिंजवडी मेट्रो मार्गिकेस अडथळा ठरत असल्याने २०२० मध्ये पाडावे लागले आणि त्यांच्या जागी दुमजली पुलाचे काम हाती घ्यावे लागले. बांधकामाचे आयुष्य संपण्याच्या कितीतरी आधी नियोजनाचे आयुष्य संपले होते! त्यामुळे चौक सुधारणेचा निर्णय कसा होतो आणि त्यात काय तोलले जाते, हे नागरिकांनी समजून घेणे आवश्यक आहे.

निर्णयाची वाट

चौकाचा प्रस्ताव प्रथम पथ विभाग तयार करतो. आयुक्तांचे अंदाजपत्रक स्थायी समितीमार्फत सर्वसाधारण सभेपुढे जाते व तेथे तरतुदीवर शिक्कामोर्तब होते. सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर हे अधिकार प्रशासकाकडे होते; जानेवारी २०२६ मधील निवडणुकीनंतर ते पुन्हा लोकप्रतिनिधींकडे आले.

परंतु निधी मिळाला म्हणजे काम झाले, असे होत नाही. रुंदीकरणासाठी मिळकतदारांची जागा लागते. तिचा मोबदला रोख, एफएसआय किंवा टीडीआर या स्वरूपात द्यावा लागतो. एका मिळकतीचा वाद न्यायालयात गेला, तरी चौकाचा एक कोपरा वर्षानुवर्षे तसाच राहतो. शिवाय सिग्नलच्या वेळा वाहतूक पोलिसांच्या हाती, बसथांबे पीएमपीच्या, तर विजेची रोहित्रे महावितरणच्या अखत्यारीत. या सर्वांचा मेळ बसणे, हेच खरे जिकिरीचे काम असते.

वाहने मोजायची की माणसे?

प्रस्तावाचा पाया असतो वाहनगणना. त्यात सर्व वाहनांचे रूपांतर मोटारीच्या एककात केले जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत शहरातील एक बस रहदारीतील प्रमाणानुसार साधारण दोन ते चार मोटारींइतकी धरली जाते. म्हणजेच चाळीस-पन्नास प्रवासी वाहणारी बस कागदावर दोन-चार मोटारींइतकीच ठरते. आणि पायी चालणारा तर या हिशेबात येतच नाही. साहजिकच वाहने जलद सोडणारा उपाय नेहमी सरस ठरतो.

महापालिकेची स्वतःची उद्दिष्टे मात्र वेगळे सांगतात. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला प्राधान्य दिले. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावरील रुंद पदपथ हे त्याच विचाराचे दृश्य रूप होय.

सेकंदांचे गणित

धोरण आणि प्रत्यक्ष यांतील अंतर सिग्नलवर कळते. पादचाऱ्याचा वेग साधारणतः सेकंदाला १.२ मीटर धरतात. या हिशेबाने १८ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास १५ सेकंद पुरतात. पण सेकंदाला ०.९ मीटर चालणाऱ्या आजीबाईंना त्यासाठी २० सेकंद लागतात. हा पाच सेकंदांचा फरक म्हणजे साडेचार मीटर. सिग्नल बदलताना त्या सुटलेल्या वाहनांसमोर उभ्या असतात. वाहनांसाठी रस्ता जितका रुंद करावा, तितके हे अंतर वाढते.

यावरचे उपाय फारसे खर्चिक नाहीत. रस्त्याच्या मध्यभागी थांबण्यासाठी सुरक्षित जागा ठेवल्यास १८ मीटरचे अंतर दोन टप्प्यांत विभागते. कोपऱ्याचे वळण आवळल्यास डावीकडे वळणारी वाहने आपोआप मंदावतात. चौकाच्या तोंडाशी असलेले बसथांबे व रिक्षाथांबे थोडे मागे सरकवल्यास तुंबलेली मार्गिका मोकळी होते. जेथे दोन मोठे प्रवाह खरोखरच एकमेकांना छेदतात, तेथे पूल लागेलही. परंतु पूल संपतो तेथे पुढचा चौक असतोच आणि कोंडी तेथे जाऊन उभी राहते.

चौकाचा प्रस्ताव सभेपुढे येईल, तेव्हा सदस्यांनी दोन प्रश्न विचारायला हवेत : येथून दर तासाला किती माणसे जातात आणि सर्वांत सावकाश चालणाऱ्याला रस्ता ओलांडण्यास किती सेकंद मिळतात? त्यांची उत्तरे प्रस्तावात नसतील, तर आराखडा कितीही देखणा असला तरी तो अपुराच म्हणावा लागेल.